ग्लास हातात असेपर्यंत

"कान बांधलेत का नीट?" आईने उंबऱ्यातूनच विचारलं.

"बांधलेत."

"पंखा?"

"बंद."

"खिडकी?"

खिडकी तिने स्वतःच सकाळी लावून घेतली होती. तरी मी मान वळवून बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, "बंद."

"पटवर्धनकाकूंकडे गौरीचं हळदीकुंकू आहे. पाचपर्यंत येते. मधे उठू नकोस, जमिनीला पाय लावू नकोस. बाळी रडली तर बाबांना हाक मार."

बाबा बाहेर झोपाळ्यावर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडले होते. जेवल्यावर दीड तास ते असेच पडत. निवृत्त झाल्यापासून घड्याळ लावावं तसं. माझा सगळा हिशेब त्या दीड तासावर होता.

आईची पावलं फाटकापर्यंत गेली. कडी वाजली. मी बाजेखाली हात घालून पिशवी आहे ना ते चाचपून पाहिलं. दोन ड्रेस, दवाखान्याची फाइल, फोनचा चार्जर. बाळाचं त्यात काही नव्हतं.

तो माझ्या बाळंतपणाचा तेविसावा दिवस होता. पुण्याची गाडी आमच्या नाक्यावर सव्वाचारला थांबायची.

रत्नागिरीचा चैत्र ज्याने अंगावर काढलाय त्यालाच त्या खोलीची कल्पना येईल. बाहेर सावलीतसुद्धा कौलं तापून कडकड वाजत होती आणि आत बाजेखाली दोन वेळा शेगडी ठेवून ओव्याशेपांची धुरी दिली जात होती. डोक्याला रुमाल, पायांत मोजे, प्यायला कढत पाणी. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. माझ्या चपला आईने पहिल्याच दिवशी कपाटावर ठेवून दिल्या होत्या. बाळंतिणीला चपला कशाला, हा तिचा प्रश्न होता, आणि तो बिनतोड होता.

त्यात माझी साखर. सातव्या महिन्यात वाढली ती बाळंत झाल्यावरही उतरायला तयार नव्हती. डॉक्टर मॅडमनी कागदावर यादी लिहून दिली होती: साखर, गूळ, भात, बटाटा, गोड फळं, सगळं जवळपास बंद. आईने माझ्यासाठी साठ डिंकाचे लाडू वळून ठेवले होते. ते डब्यातून शेजारीपाजारी वाटताना तिचा चेहरा मला बघवला नाही. "बाळंतिणीला लाडू नको म्हणणारी ही कुठली डॉक्टर?" एवढंच ती म्हणाली, आणि मग माझ्यासाठी बिनगुळाचे केले. ते तोंडात घातले की वाळू खाल्ल्यासारखं वाटायचं.

म्हणजे जे गोड ते डॉक्टरांना नको, जे थंड ते आईला नको. या दोन याद्यांच्या मधल्या फटीत मेथीची भाजी, शेपू, उकडलेली अंडी आणि मी, एवढेच उरलो होतो. बाहेर आंबे उतरत होते. त्यांचा वास बंद खिडकीतूनही आत यायचा.

पण मी निघाले होते ती आंब्यासाठी नव्हे, हेही लिहायला हवं. गार्गी माझ्याजवळ ठेवली की मी तिच्याकडे बघायचे आणि माझ्या आत काही हलायचं नाही. बाकीच्या बायका बोटं मोजतात, नाक कुणासारखं ते बघतात. मी ती कधी रडायला लागेल याची वाट बघायचे. नवऱ्याचा, मंदारचा, पुण्याहून रोज फोन यायचा. "काय म्हणते आपली राणी?" मी म्हणायचे, "झोपलीय." ती रडत असली तरी. कुणाला सांगायचं, काय सांगायचं? दूध कमी पडतं म्हणून मॅडमनी पावडरचा डबा लिहून दिला होता, तो फळीवर होता. आई होती, बाबा होते. माझ्यावाचून तिचं काही अडत नव्हतं. पुण्यात उतरून मंदारला काय सांगायचं हे मी ठरवलं नव्हतं. त्या खोलीतून बाहेर पडायचं, एवढंच ठरलं होतं.

पावणेचारला मी मोजे काढले. थंडगार फरशीला तळवे टेकले आणि तेवढ्यातच डोळ्यांत पाणी आलं.

तोच स्वयंपाकघरातून आवाज आला. ठाक. ठाक. ठाक.

मी जागच्या जागी बसले. कुणीतरी बत्त्याने काहीतरी फोडत होतं. मग खळखळ, खळखळ, बाटलीत पाणी घालून हलवावं तसा आवाज. मग काहीतरी फटकन सुटलं आणि बाबांचा आवाज आला, "आयला."

झोपाळ्यावर फक्त वर्तमानपत्र होतं.

इथे सांगायला हवं की बाबा बावीस वर्षं मालवाहू बोटींवर कुक होते. तिथे तीस-तीस माणसांचं करून घातलं त्यांनी. पण घरी चहासुद्धा टाकायची त्यांना मुभा नव्हती. "माझ्या स्वयंपाकघरात तुमची बोट चालवायची नाही," हे आईचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. तेही कधी वाटेला गेले नाहीत.

पुन्हा खळखळ सुरू झालं. या वेळी बराच वेळ. मग बाबा दारात आले. बनियनवर तपकिरी शिंतोडे, एका भुवईवर फेस, आणि हातात उंच काचेचा ग्लास. ग्लासच्या वरच्या निम्म्या भागात दाट, बदामी रंगाचा फेस होता, खाली काळी कॉफी, आणि मधे बर्फाचे खडे एकमेकांवर आपटून किणकिणत होते. शहाळ्याची नळी खोचलेली. ग्लासला बाहेरून घाम फुटला होता.

"हे काय, बाबा?"

"फ्रापे. ग्रीक लोकांची कॉफी. तुझ्यासाठी केली."

मी पाय पटकन वर घेतले. त्यांनी काढून ठेवलेल्या मोज्यांकडे पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

"मला नाही चालणार. साखर..."

"साखर नाहीच. साखर नसलेलीला ते स्केतो म्हणतात. दोन चमचे कॉफी, दोन चमचे पाणी, आणि हात दुखेपर्यंत हलवायचं. साखर असली की फेस लवकर धरतो. नसली की माणसाला जास्त हलवावं लागतं, बाकी काही नाही. वर गार पाणी, बर्फ. बोटीवर आम्ही डब्यातलं गोड दूध घालायचो, त्याऐवजी चमचाभर साय फेटून घातलीय." मग म्हणाले, "मॅडमना फोन करून विचारलं. दिवसाला एक ग्लास चालेल म्हणाल्या. अंगावर पाजणारीलासुद्धा."

"आईला कळलं तर?"

"आई कुठे गेलीय?"

"हळदीकुंकवाला."

"कुणाच्या?"

"गौरीच्या."

"ती गौर पण माहेरीच आलीय ना महिनाभर? तिला झोपाळ्यात बसवलीय. समोर कैरीची डाळ ठेवलीय, पन्हं ठेवलंय. आणि आपल्या घरात आलीय तिला धुरी." त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला. "धर. पाणी सुटतंय."

माझ्या दोन्ही तळव्यांना तो गारवा लागला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला माझे हात आहेत असं वाटलं.

"एक नियम आहे," बाबा म्हणाले. "हा ग्लास हातात असेपर्यंत त्या माणसाला कुणी हाक मारायची नाही. काही सांगायचं नाही, काही मागायचं नाही. बोटीवर कप्तानसुद्धा पाळायचा. आणि गटागटा प्यायचं नाही. फेस खाली बसत नाही लवकर. कॉफी संपत आली की गार पाणी घालायचं, पुन्हा चालू. तांब्या इथे ठेवलाय."

एवढं म्हणून त्यांनी पाळण्यातून गार्गीला उचललं. ती रडायच्या बेतात होती. मी सवयीने हात पुढे केले.

"तू बस. ग्लास आहे हातात."

ते तिला घेऊन बाहेर झोपाळ्यावर गेले. जाताना दार लावलं नाही. खोलीचं दार, ओटीचं दार, मागचं दार, सगळी दारं सताड उघडी होती. खाडीवरचा वारा सरळ आत आला आणि माझ्या मानेवरच्या घामाला लागला.

मी पहिला घोट घेतला. कडू. इतका स्वच्छ कडू की दात शिवशिवले. मग वरचा फेस ओठांना लागला, मऊ, साईची किंचित चव असलेला.

घड्याळात चारला पाच कमी होते. नाका चालत सात मिनिटं. बाबा झोपलेले नव्हते, एवढंच बिनसलं होतं. पण ते पुढच्या ओटीवर होते आणि मागचं दार उघडं होतं.

बाहेरून त्यांचा आवाज येत होता. ते गार्गीशी बोलत होते, मोठ्या माणसाशी बोलावं तसं.

"तुला म्हणून सांगतो हां, बाय. आजीला यातलं निम्मंच माहीत आहे. आमच्या बोटीचा मालक बुडाला आणि पळाला. बोट तिकडे ग्रीसच्या एका बंदराबाहेर उभी. कागद अडकलेले, आम्हाला उतरायला बंदी. किती दिवस? नऊ महिने. तू आईच्या पोटात होतीस ना, तेवढेच. काठ इतका जवळ की पलीकडच्या गच्चीत एक बाई कपडे वाळत घालायची ते दिसायचं. कुठल्या रंगाचे तेसुद्धा."

गार्गी रडायची थांबली होती. झोपाळ्याची कडी कुरकुरत होती.

"एका दुपारी मी ठरवलं, जायचं. पोहता येतं आपल्याला, खाडीतलेच आपण. खाली अकरा माणसं होती, माझ्या हातचं जेवणारी. त्यांना कोण करून घालणार हा विचार आला नाही असं नाही. आला. आला आणि गेला. वाईट माणूस होतो असं नाही गो. पण तसं उभं राहून राहून माणसाचं काय होतं, ते त्याचं त्यालाच कळत नाही."

नळी माझ्या तोंडातच राहिली.

"कठड्यावर एक पाय टाकला होता. तिथे बंदराचा एक म्हातारा राखणदार होता, स्टेलिओ नावाचा. होडीतून आम्हाला पिण्याचं पाणी आणून द्यायचा. त्याने बघितलं मला. ओरडला नाही, धावला नाही. त्याला आपली भाषा येत नाही, आपल्याला त्याची. बोटीवर चढून आला, आमच्या स्वयंपाकघरात गेला, खळखळ खळखळ करून ग्लास घेऊन आला आणि माझ्या हातात दिला. बोटाने दाखवलं, आधी हे. मग समुद्राकडे बोट केलं, मग ते."

"मग?" मी आतूनच विचारलं.

"मग काय, काचेचा ग्लास हातात घेऊन उडी कशी मारणार? पाय खाली घेतला." आणि जरा वेळाने, "ग्लास हातात असताना बोलायचं नसतं."

ग्लासात चार बोटं कॉफी उरली होती. मी तांब्यातलं पाणी घातलं. फेस वर चढला, होता तेवढाच.

सव्वाचारला नाक्यावर गाडीचा हॉर्न वाजला. आमच्याकडे वारा तिकडून असला की तो अंगणात वाजल्यासारखा ऐकू येतो. मी उठून उभी राहिले, ग्लास हातात घेऊनच. मागच्या दारातून नारळाची झाडं दिसत होती, त्यांच्यामधून पायवाट. कुणी अडवलं नसतं. बाहेर झोपाळ्याची कडी वाजायची थांबली. बाबा काही बोलले नाहीत. मला हाक मारायची नव्हती ना.

गाडी थांबली असेल. माणसं चढली असतील. मग इंजिनाचा तो दम घेतल्यासारखा आवाज, आणि मग चढावावरची घरघर, लांब लांब जाणारी.

मी थांबले ती गार्गीसाठी, असं लिहिलं तर ती मोठी झाल्यावर वाचून खूश होईल. पण ते खरं नाही. मी थांबले कारण ग्लासात कॉफी होती, आणि ती माझी होती, आणि कुणी मला हाक मारत नव्हतं.

बाहेर झोपाळा पुन्हा कुरकुरायला लागला.

आई पाचला आली. हातातली डाळीची वाटी फळीवर ठेवून आधी मागच्या पडवीतली दुपटी काढायला गेली. वाळलेली दुपटी दोरीवर राहिली की तिला चैन पडत नसे. मी ग्लास पिशवीआड बाजेखाली सरकवला होता, मोजे चढवले होते. सगळं नीट होतं.

"चारू." तिचा आवाज चिरकला. "बाळीला जुलाब होतायत आणि तू मला सांगितलं नाहीस?"

ती पाच दुपटी हातात घेऊन दारात उभी होती. पाचही दुपट्यांवर तपकिरी शिंतोडे.

"अहो, डॉक्टरांना फोन लावा आधी. बघताय काय?"

बाबा फोन हातात घेऊन तसेच उभे राहिले. लावतही नव्हते, ठेवतही नव्हते. माझ्या लक्षात आलं, बरणीचं झाकण उडालं तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत उभे असणार, आणि दोरीचं टोक तिथेच होतं.

आईने एक दुपटं नाकाशी नेलं. थांबली. पुन्हा वास घेतला.

"ही शी नाही."

"नाही," बाबा म्हणाले.

"कॉफी आहे."

"आहे."

"दुपट्यांवर."

"झाकण उडालं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग बाबांच्या भुवईकडे, जिथे फेस वाळून पापुद्रा झाला होता.

"बर्फ घातलात?"

"दोन खडे."

"चार," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. तीन आठवड्यांत आईशी मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य असावं.

आई वळली. दुपटी भिजत घालायला गेली. बादलीत पाणी पडल्याचा आवाज जरा मोठा आला, एवढंच. त्या संध्याकाळी माझी धुरी चांगली अर्धा तास जास्त चालली आणि मी मुकाट्याने घेतली.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला तिने दोरीवरची दुपटी अर्धवट ओली असतानाच आत आणून ठेवली. आणि बाबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आता काय हलवायचं ते हलवा. झाकण दाबून धरा. आणि बर्फ दोनच, मी मोजणार आहे."

मग उरलेले चौदा दिवस रोज चार वाजता मला तो ग्लास मिळाला. खोली तीच, शेगडी तीच, खिडकी बंदच. गार्गीकडे बघून आत काही हलायला मला अजून कितीतरी दिवस लागले. मॅडमना सगळं सांगितलं तेही पुढच्या महिन्यात, आणि त्यांनी औषध दिलं, तेही घेतलं. कॉफीने कुणी बरं होत नाही. पण दिवसात एक तास असा होता की त्याला दार होतं.

आता गार्गी सहा वर्षांची आहे. शनिवारी चार वाजता मी ग्लास घेऊन टेबलापाशी बसते आणि हे असलं काहीबाही लिहिते. नियम तिला पाठ आहे. ती दारापर्यंत येते, काही बोलत नाही, फक्त ग्लासाकडे बघते. मग हळूच, "हाक नाही मारत हां, नुसतं विचारते. संपला?"

"नाही अजून."

"तू पाणी घातलंस आत्ता. मी बघितलं."

गेल्या सुट्टीत तिनेच बाबांना विचारलं. झोपाळ्यावर त्यांच्या मांडीवर बसून, मी जे सहा वर्षं विचारलं नव्हतं ते. "आजोबा, मग कॉफी संपल्यावर उडी मारलीत?"

"नाही गो. संपेपर्यंत संध्याकाळ झाली. स्वयंपाकाची वेळ. खाली गेलो आणि भात टाकला."

"बस?"

"बस. बारा माणसांचा."

त्या तेविसाव्या दिवसाची एक गोष्ट लिहायची राहिली.

आई दुपटी धूत होती, बाबा गार्गीला फिरवत होते. मी पिशवी रिकामी करावी म्हणून बाजेखालून ओढली, तर ती जड लागली. सकाळी न्हायला जाण्याआधी मी भरली होती त्याहून जड. चेन उघडली. माझ्या ड्रेसवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या माझ्या चपला होत्या, कपाटावरून काढून पुसलेल्या. साखर तपासायचं माझं मशीन. एका पुडीत भाजलेले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे तुकडे, प्रवासात भूक लागली तर यादीत बसेल असं. आईची लोकरी कानटोपी. आणि एका छोट्या बाटलीत कॉफीची पूड, तिला दोऱ्याने बांधलेला एक चमचा.

मी सगळं बाहेर काढून पाहिलं. अगदी तळापर्यंत.

त्यातही बाळाचं काही नव्हतं.